ई-मेल हशील

ई-मेल हशील : अनाहूत घाऊक ई-मेलला आळा बसावा म्हणून प्रत्येक ई-मेलमागे तो पाठविणाऱ्याकडून घ्यावयाचा अल्प आकार. पत्राला लागणारे तिकीट ज्याप्रमाणे प्रेषक लावतो, त्याचप्रमाणे ई-मेलचा खर्चही प्रेषकाने सोसावा, म्हणजे लक्षावधी लोकांना विनाकारण संदेश पाठविणे त्याला परवडणार नाही, असा या कल्पनेमागील विचार आहे. १९९० नंतरच्या काळात या कल्पनेची अनेक रूपे मांडण्यात आली. तथापि ई-मेलच्या क्षेत्रात ती सार्वत्रिक होऊ शकली नाही. तिचा मोठ्या प्रमाणावरील प्रत्यक्ष प्रयोग भारतात झाला, पण तो ई-मेलच्या बाबतीत नव्हे, तर भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांच्या म्हणजे एसएमएसच्या बाबतीत. त्या अनुभवावरून आकारणीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

टपाल हशिलाची पूर्वपीठिका : पत्राचे पैसे पाठविणाऱ्याने आगाऊ द्यावेत ही आज स्वाभाविक वाटणारी रीत फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमध्ये पत्राचा आकार बहुधा ते घेणारा देत असे व तो अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर अवलंबून असे. घेणाऱ्याला पत्र नाकारण्याची मुभा होती. तिचा फायदा घेऊन लोक पाकिटावरच सांकेतिक खुणा करीत. घेणारा त्या पाहून मजकूर ताडी व पत्र परत करी. टपालखात्याची मेहनत मात्र फुकट जाई. रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये टपाल सुधारणेवर एक पुस्तिका लिहून असे दाखवून दिले, की टपालाचा खरा खर्च वाहतुकीचा नसून हिशेबाचा व वसुलीचा आहे. सर्वत्र एकच अल्प दर ठेवून तो आगाऊ घेतल्यास हा खर्च वाचेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानुसार १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये एक पेनी हा समान दर अंमलात आला व त्याच वर्षीच्या मे महिन्यात पहिले चिकट तिकीट निघाले. १८३९ मध्ये सु. ७·६ कोटी असलेली पत्रांची संख्या १८४० मध्ये सु. १६·९ कोटींवर गेली. प्रेषकाकडून घ्यावयाचा आकार मुळात पत्रे कमी व्हावीत म्हणून नव्हे, तर ती वाढावीत म्हणून आला, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

ही पद्धत भारतात आणणाऱ्यांपैकी एका अधिकाऱ्याचा साताऱ्याशी निकटचा संबंध होता. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब निधन पावले व लॉर्ड डलहौसी यांनी सातारा संस्थान खालसा केले, त्या वेळी हेन्री बार्टल फ्रियर (१८१५–८४) हे साताऱ्यास रेसिडेंट होते. खालसा झालेल्या प्रदेशाचा कारभारही पुढे त्यांनीच आयुक्त म्हणून पाहिला. १८५० मध्ये त्यांची सिंध प्रांताच्या आयुक्तपदी नेमणूक झाली. तेथे त्यांनी टपालाची नवी व्यवस्था लावली आणि १ जुलै १८५२ रोजी ‘सिंदे डाक’ हे अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. आशियातील हे पहिले चिकट टपाल तिकीट होय. १८५४ च्या टपाल अधिनियमान्वये ब्रिटिश हिंदुस्थानात अंतराचा विचार न करता पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा असा समान दर १ ऑक्टोबर १८५४ पासून सुरू झाला. तिकीट न लावलेल्या पत्रावर घेणाऱ्याकडून दुप्पट आकार वसूल होई. अशा पत्राला ‘बैरंग’ म्हणत; इंग्रजी ‘बेअरिंग’ या शब्दाचे ते अपभ्रष्ट रूप होय. १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि पत्रव्यवहार सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

तिकिटामुळे अनाहूत टपाल थांबले असे मात्र झाले नाही. अमेरिकेत घाऊक जाहिरातपत्रांना टपालखाते उलट दरात सवलत देते, कारण ती त्याच्या उत्पन्नाची मोठी बाब आहे. भारतीय टपाल विभागाचीही पत्ता नसलेली जाहिरातपत्रके घरोघर वाटण्याची सेवा आहे. महाराष्ट्रात एके काळी देवादिकांच्या नावाने फिरणारी साखळीपत्रे घरोघरी येत. हे पत्र मिळाल्यावर इतक्या जणांना तसेच लिहा, न लिहिल्यास अनिष्ट घडेल, अशी भीती त्यांत घातलेली असे आणि माणसे पदरचे पैसे खर्चून पोस्टकार्डे लिहीत. ज्याला नफ्यातोट्याचा हिशेब करावयाचा आहे त्यालाच आकार रोखू शकतो. भीतीने, श्रद्धेने किंवा उत्साहाने लिहिणाऱ्याला तो रोखू शकत नाही, हे या पत्रांवरून दिसते.

अनाहूत ई-मेलचे अर्थकारण : ई-मेलच्या देवघेवीचे मूळ नियम १९८२ मध्ये निश्चित झाले. त्या काळी संगणकांचे जाळे विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्यापुरते मर्यादित होते. परस्परांची ओळख असल्यामुळे प्रेषकाची खातरजमा करण्याची अथवा त्याच्याकडून पैसे घेण्याची सोय त्या नियमांत ठेवलेली नव्हती. ३ मे १९७८ रोजी एका संगणक कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावरील सु. ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठविली होती. अनाहूत व्यापारी ई-मेलचे ते पहिले ज्ञात उदाहरण मानतात. अशा संदेशांना पुढे ‘स्पॅम’ हे नाव पडले. मुळात हे डबाबंद मांसाच्या एका अमेरिकन उत्पादनाचे नाव. एका ब्रिटिश विनोदी प्रहसनात त्याचा कंटाळा येईपर्यंत केलेला उच्चार हे या अर्थांतराचे कारण होय.

ई-मेलमध्ये एका पत्राचा खर्च व लाख पत्रांचा खर्च यांत फारसा फरक पडत नाही. प्रेषकाचा खर्च जवळजवळ शून्य असतो. त्याउलट घेणाऱ्याचा वेळ, साठवणीची जागा आणि संदेश गाळण्याच्या यंत्रणेचा खर्च यांचा बोजा इतरांवर पडतो. म्हणजे चिकट तिकिटापूर्वीची स्थिती येथे वेगळ्या रूपाने परत आली. फरक एवढाच, की बैरंग पत्र दारातच नाकारता येई, तर ई-मेल पेटीत पडून गेलेला असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये अशा संदेशांच्या एका जाळ्यात शिरून मोजमाप केले. औषधांची जाहिरात करणारे सु. ३५ कोटी संदेश पाठविले गेले असता केवळ २८ जण खरेदीच्या पायरीपर्यंत पोहोचले व त्या खरेदीची एकूण किंमत सु. २,७०० डॉलर भरली असती. संदेश फुकट असल्यामुळेच हा व्यवहार चालू शकतो. प्रत्येक संदेशास केवळ एक पैसा आकार असता, तर ३५ कोटी संदेशांचे ३५ लाख रुपये द्यावे लागले असते. त्या वेळच्या विनिमय दराने मिळकत मात्र सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. आकारणीच्या कल्पनेचे सारे आकर्षण या साध्या गणितात आहे.

आकारणीच्या योजना : या योजनांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

(१) गणनश्रमाचा आकार : सिंथिया ड्वॉर्क व मोनी नाओर या संगणकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये असे सुचविले, की प्रेषकाकडून पैसे न घेता त्याच्या संगणकाकडून एक कूट सोडवून घ्यावे. ते सोडविण्यास काही सेकंद लागावेत, पण उत्तर बरोबर आहे की नाही हे घेणाऱ्यास तत्काळ पडताळता यावे. एका पत्रास दहा सेकंद लागले, तर सामान्य माणसाला ते जाणवणार नाही. मात्र एका संगणकावरून दिवसभरात ८,६४० पेक्षा जास्त पत्रे निघू शकणार नाहीत. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी ‘हॅशकॅश’ या नावाने या तत्त्वाची स्वतंत्र रचना केली. बेन लॉरी व रिचर्ड क्लेटन यांनी २००४ मध्ये या योजनेतील उणीव हिशेबाने दाखविली. अनाहूत संदेश पाठविणारे लोक स्वतःचे संगणक वापरीत नाहीत. ते दुसऱ्यांचे हजारो संगणक घातक आज्ञावलीच्या साहाय्याने ताब्यात घेतात. त्यामुळे त्यांना अडविण्याइतके कूट कठीण केले, तर प्रामाणिक घाऊक प्रेषकही अडतात. ई-मेलसाठी ही योजना रुजली नाही. परंतु हॅशकॅशचे तत्त्व पुढे बिटकॉइन या आंकिक चलनात उपयोगी पडले.

(२) रोख आकार : घाऊक प्रेषकाने ई-मेल सेवा देणाऱ्या कंपनीस दर संदेशामागे ठराविक रक्कम द्यावी, अशी ही योजना. दक्षिण कोरियातील दाउम या कंपनीने २००२ मध्ये मोठ्या संख्येने ई-मेल पाठविणाऱ्यांसाठी असा आकार सुरू केला होता; तो पुढे सोडून देण्यात आला. अमेरिकेत गुडमेल या कंपनीच्या योजनेनुसार एओएल व याहू या सेवांनी २००६ मध्ये पाव सेंट ते एक सेंट इतका आकार घेऊन संदेश गाळणीशिवाय थेट पोहोचविण्याची तयारी दर्शविली. हा आकार सर्वांवर सक्तीचा नव्हता. तथापि, पैसे देणाऱ्यांचे टपाल आधी व न देणाऱ्यांचे मागे अशी दुहेरी व्यवस्था निर्माण होईल, म्हणून अनेक सेवाभावी संस्थांनी तिला विरोध केला. २०११ मध्ये गुडमेलचे काम बंद पडले.

(३) तारण : अनोळखी प्रेषकाने संदेशासोबत लहानशी रक्कम तारण ठेवावी, संदेश उपयुक्त वाटल्यास ती त्याला परत मिळावी आणि त्रासदायक वाटल्यास घेणाऱ्याने ती जप्त करावी, अशी ही कल्पना अमेरिकेतील काही अर्थशास्त्रज्ञांनी २००४ च्या सुमारास मांडली. तत्त्वतः ही सर्वांत न्याय्य योजना होय, कारण भरपाई ज्याचा वेळ गेला त्यालाच मिळते. मात्र तिच्यासाठी जगातील प्रत्येक ई-मेलधारकाचे खाते व त्या खात्यांमधील सूक्ष्म देवघेव सांभाळणारी यंत्रणा लागेल. तशी यंत्रणा ई-मेलसाठी उभी राहिली नाही.

जानेवारी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी दावोस येथे, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल, असे भाकीत केले होते. सुचविलेल्या उपायांत प्रेषकावरील आकाराचाही समावेश होता. ते भाकीत खरे ठरले नाही. सरकार ई-मेलवर कर बसविणार, अशी एक निराधार आवई १९९९ मध्ये अमेरिकेत उठली होती. ती पसरली तीही साखळी ई-मेलमधूनच.

ई-मेल आकारणी न रुजण्याचे मूळ कारण तांत्रिक नसून रचनेचे आहे. तिकिटाची सक्ती टपालखाते करू शकते, कारण सर्व पत्रे त्याच्याच हातून जातात. ई-मेलला असे एकच नाके नाही. कोणीही आपला सेवासंगणक उभारून जगातील दुसऱ्या कोणत्याही सेवासंगणकाकडे पत्र पाठवू शकतो. नाके नसेल तेथे जकात वसूल होत नाही, आणि नाकी बसवावयाची तर ई-मेलचे खुलेपण जाते.

भारतातील लघुसंदेशांचा अनुभव : भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाला मात्र असे नाके आहे. तो नेहमी परवानाधारक दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून जातो. सातारा व सांगली हे जिल्हे दूरसंचाराच्या महाराष्ट्र व गोवा या परवाना मंडलात मोडतात. तथापि संदेशांविषयीचे नियम भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय ही संस्था संपूर्ण देशासाठी करते. २००७ मध्ये तिने नको असलेल्या व्यापारी दूरध्वनींपासून सुटका हवी असलेल्या ग्राहकांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ग्राहकाने आपली पसंती कळविण्यासाठी १९०९ हा क्रमांक आहे. १ डिसेंबर २०१० रोजी अधिक कडक विनियम प्रसृत झाले व २७ सप्टेंबर २०११ पासून ते पूर्णतः अंमलात आले. त्यांत एका सिमकार्डावरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घालण्यात आली. लवकरच ती २०० करण्यात आली. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये व्यक्तिगत संदेशांपुरती ही मर्यादा रद्द ठरविली.

बंदी टिकली नाही, तेव्हा किंमत पुढे आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये ट्रायने असा आदेश काढला, की एका सिमकार्डावरून दिवसाला १०० संदेश सवलतीच्या दराने पाठविता येतील. त्यापुढील प्रत्येक संदेशास किमान ५० पैसे पडतील. त्या वेळी साध्या पोस्टकार्डाची किंमतही ५० पैसेच होती, हा एक योगायोग. सामान्य माणूस दिवसाला शंभर संदेश क्वचितच पाठवितो. त्यामुळे या आकाराची झळ त्याला बसू नये आणि सिमकार्डांचे गठ्ठे वापरून जाहिराती करणाऱ्यांचा धंदा महाग व्हावा, असा हेतू होता. प्रेषकावरील आकाराने अनाहूत संदेश रोखण्याचा इतक्या मोठ्या लोकसंख्येवर झालेला हा प्रयोग साडेसात वर्षे चालला. ३ जून २०२० रोजी ट्रायने ही तरतूद मागे घेतली. दरम्यानच्या काळात दुसरी व्यवस्था आली असल्याने तिची गरज उरलेली नाही, असे कारण देण्यात आले.

ही दुसरी व्यवस्था म्हणजे १९ जुलै २०१८ चे विनियम. त्यांनुसार व्यापारी संदेश पाठविणाऱ्या प्रत्येक संस्थेला दूरसंचार कंपन्यांच्या सामायिक, वितरित खातेवहीत नोंदणी करावी लागते. संदेशाच्या माथ्यावर येणारे संस्थेचे अक्षरी नाव, मजकुराचा ठराविक साचा आणि ग्राहकाची संमती या तिन्हींची नोंद होते. न जुळणारा संदेश जाळ्यातच अडविला जातो. आकार येथेही आहे : असा संदेश ज्या कंपनीच्या ग्राहकाकडे पोहोचतो, ती कंपनी संदेश जेथून निघाला त्या कंपनीकडून दर संदेशामागे ५ पैशांपर्यंत आकार घेऊ शकते, आणि त्याचा भार शेवटी प्रेषकावर पडतो. शासनाच्या वतीने जाणाऱ्या संदेशांना त्यातून सूट आहे. म्हणजे किंमत राहिली, पण तिचे काम दुय्यम झाले. मुख्य काम ओळखीने केले.

ओळखीची किंमतही मोठी होती. ८ मार्च २०२१ रोजी साच्यांची काटेकोर पडताळणी सुरू होताच देशभर बँकांचे एकदाच वापरावयाचे सांकेतिक क्रमांक म्हणजे ओटीपी अडकले व अनेक व्यवहार खोळंबले. परिणामी पडताळणी सात दिवस स्थगित करावी लागली. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने संदेशाच्या नावापुढे त्याचा प्रकार दाखविणारे अक्षर आले : जाहिरातीस ‘पी’, सेवेस ‘एस’, व्यवहारास ‘टी’ व शासकीय संदेशास ‘जी’. तक्रार करण्याची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्यास नोंदणी नसलेल्या प्रेषकावर कारवाई करण्याची तरतूद झाली.

सातारा-सांगली परिसरातील परिणाम : आकारणीचा भार कोणावर किती पडतो, हे या दोन जिल्ह्यांतील नेहमीच्या व्यवहारांवरून समजून घेता येईल. दोन हजार सभासदांची एखादी गावची पतसंस्था किंवा दूध संस्था महिन्याला प्रत्येकास एक संदेश पाठवीत असेल, तर ५ पैसे दराने तिला वर्षाला १,२०० रुपये पडतील. सांगलीच्या बाजारातील हळदीच्या अडत्याने आपल्या पाचशे शेतकऱ्यांना रोजचा भाव कळविला, तर दिवसाला २५ रुपये होतील. या रकमा जड नाहीत. जड जाते ती नोंदणी, साच्यांना मान्यता मिळविणे आणि मध्यस्थ कंपनीचे शुल्क. मोठ्या बँकेला त्यासाठी स्वतंत्र विभाग ठेवता येतो; गावच्या संस्थेचा सचिव हेच काम रात्री दप्तर मिटल्यावर करतो. म्हणूनच अशा अनेक संस्थांनी व्हॉट्सॲपसारख्या खाजगी सेवेतील गटांचा मार्ग धरला. ट्रायचे हे विनियम तेथे लागू होत नाहीत.

दुसरे उदाहरण पुराच्या इशाऱ्याचे. पाटण तालुक्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेस मिळते व पुढे सांगलीकडे जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या पुरांत सांगलीने त्याचे गंभीर परिणाम भोगले. पाणी सोडण्याचा इशारा हा स्वरूपाने घाऊक व अनाहूतच संदेश असतो. परंतु तो न मिळणे प्राणावर बेतू शकते. केवळ संख्येवर आकार बसविणारी योजना हा इशारा आणि कर्जाची जाहिरात यांत भेद करू शकत नाही. तो सूट देऊनच करावा लागतो. अशा इशाऱ्यांसाठी आता वेगळा मार्ग उपलब्ध झाला आहे. मनोऱ्याच्या कक्षेतील सर्व भ्रमणध्वनींवर एकाच वेळी सूचना झळकविणाऱ्या यंत्रणेच्या चाचण्या देशात २०२३ मध्ये झाल्या. तीत क्रमांकांची यादी लागत नाही आणि आकाराचाही प्रश्न येत नाही.

तिसरे उदाहरण फसवणुकीचे. मागील महिन्याचे बिल भरले नसल्याने आज रात्री वीजपुरवठा तोडण्यात येईल, त्वरित या क्रमांकावर संपर्क साधा, असे बनावट संदेश २०२२ मध्ये राज्यभर फिरले. महावितरणने ग्राहकांना सावध करताना असे सांगितले, की कंपनीचे अधिकृत संदेश ‘एमएसईडीसीएल’ हे अक्षरी नाव असलेल्या नोंदणीकृत शीर्षकानेच येतात. व्यक्तिगत दहा आकडी क्रमांकावरून येत नाहीत. येथे आकार निष्प्रभ ठरतो. एका निवृत्त माणसाच्या खात्यातून काही लाख रुपये काढता येत असतील, तर संदेशास ५ पैसे पडोत की ५० पैसे, फसविणाऱ्याच्या हिशेबात फरक पडत नाही. ग्राहकाला वाचविते ती शीर्षक ओळखण्याची सवय. आकार जाहिरातदाराला रोखतो, ठकाला नाही. आणि घेणाऱ्याचे खरे नुकसान ठकाकडून होते.

अफवांचेही असेच आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतातील रहिवाशांविरुद्ध पसरलेल्या अफवांमुळे बंगळूरु, पुणे इ. शहरांतून हजारो लोक गावी परतू लागले. त्या वेळी केंद्र शासनाने काही दिवस घाऊक लघुसंदेशांवर बंदी घातली व व्यक्तिगत संदेशांची संख्या दिवसाला पाचवर आणली. पुढे व्हॉट्सॲपनेही २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. अशा मर्यादेत पैशांऐवजी श्रमाची किंमत घेतली जाते. ती गरीब व श्रीमंत दोघांना सारखीच पडते, हा तिचा विशेष होय.

मूल्यमापन : आकारणीविषयी तीन आक्षेप महत्त्वाचे आहेत. पहिला, आकार प्रेषकाच्या ऐपतीनुसार निवड करतो, घेणाऱ्याच्या इच्छेनुसार नाही. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याची नकोशी जाहिरात पोहोचते आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याचे हवेसे पत्र अडते. दुसरा, आकार गोळा करणाऱ्याचे हित संदेश वाढण्यात असते. जाहिरातपत्रांवर टपालखात्याचे उत्पन्न वाढते, त्याचप्रमाणे लघुसंदेशामागील पाच पैसे दूरसंचार कंपनीला मिळतात; ज्याचा वेळ गेला त्या ग्राहकाच्या हाती काहीच पडत नाही. व्हॉट्सॲपवर व्यापारी संस्थांना जाहिरातीच्या संदेशांसाठी आकार द्यावा लागतो; त्यामुळे तेथील जाहिराती थांबलेल्या नाहीत, फक्त त्या देणाऱ्यांची निवड झाली आहे. तिसरा, आकार वसूल करण्यासाठी प्रेषकाची निश्चित ओळख पटावी लागते. मात्र एकदा ओळख पटली, की त्रास देणाऱ्याला आकाराशिवायही रोखता येते. आणि ओळख पटत नसेल, तर आकाराचे देयक ज्याचा संगणक चोरून वापरला त्या निरपराध माणसाच्या नावावर निघते.

ई-मेलची पुढील वाटचाल याच दिशेने झाली आहे. संदेश खरोखरच त्या नावाच्या संस्थेकडून आला आहे की नाही, हे सांकेतिक सहीने पडताळण्याच्या पद्धती आता सर्वमान्य झाल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने ई-मेल पाठविणाऱ्यांवर अशी पडताळणी, सदस्यत्व सहज रद्द करण्याची सोय आणि तक्रारींचे प्रमाण हजारी तीनच्या आत ठेवणे ही बंधने घातली. त्यांत पैशांचा आकार नाही. येथे प्रेषकाला जी किंमत मोजावी लागते ती पत गमावण्याची; तक्रारी वाढल्या, की त्याची पत्रे पोहोचेनाशी होतात. उलटपक्षी, हे नियम ठरविण्याचा अधिकार दोन-तीन बड्या खाजगी कंपन्यांच्या हाती एकवटला आहे. टपालाचे दर विधिमंडळात ठरत व लघुसंदेशाचे नियम सार्वजनिक प्राधिकरण करते. त्यांच्याविरुद्ध २०१२ मध्ये न्यायालयात दाद मागता आली. ई-मेलच्या या नव्या नाक्यांवर तशी सोय बव्हंशी नाही.

भारतात अनाहूत ई-मेलसाठी स्वतंत्र कायदा झालेला नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ज्या ६६ क या इंग्रजीत ‘ए’ अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या कलमात त्रासदायक ई-मेलचा उल्लेख होता, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. २०२३ च्या वैयक्तिक आंकिक विदा संरक्षण अधिनियमाने व्यक्तीच्या माहितीच्या वापरासाठी संमतीचे तत्त्व मांडले आहे. पत्त्यांच्या याद्या परस्पर विकण्याच्या व्यवहाराला त्यामुळे आळा बसू शकतो.

सारांश, प्रेषकावरील आकार हे अनाहूत संदेशांवरील पूर्ण उत्तर नव्हे. ओळख, संमती व दाद या तीन गोष्टी असतील तेथेच ते पूरक साधन म्हणून उपयोगी पडते. लघुसंदेशांच्या क्षेत्रात भारताने ५० पैशांचा आकार सोडून ओळखीकडे केलेली वाटचाल याचीच साक्ष देते. आकार ठेवावयाचाच झाल्यास तो लहान संस्थांना न जाचणारा, सार्वजनिक इशाऱ्यांना सूट देणारा आणि शक्य तेथे ज्याचा वेळ गेला त्याच्याकडे परत जाणारा असावा. बैरंग पत्र दारातून परत करण्याचा जो साधा अधिकार घेणाऱ्याला एके काळी होता, तो नव्या साधनांत त्याला पुन्हा मिळवून देणे हाच या सर्व योजनांचा खरा हेतू होय.